सोवळ्यातली मोटार

पाण्याचा पेला पुढे केला की अक्का आधी त्यात डोकावून बघायची, मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग विचारायची, "कुठलं? कुणी भरलं?" उत्तर मिळालं तरी पेला तसाच राहायचा. आणणारा दाराआड झाला की ती उठून स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायची. ही तपासणी परक्यांपुरती नव्हती. माझी आई तिची सख्खी भावजय. ती वर्षानुवर्षं त्याच विहिरीचं पाणी त्याच पोहऱ्याने काढत आली, तरी तिचीही यातून सुटका नव्हती.

अक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील अक्का म्हणत म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. ठाण्यात आमच्या परसाला लागूनच तिचं घर होतं. तिचे यजमान वकील. एका बड्या अशिलाकडे लग्नाला गेले, पंगतीत जेवले, पाणी प्यायले आणि घरी येऊन पटकीने गेले. पदरात एकच मुलगी, सुमन. तेव्हापासून अक्काचं सोवळं कडक झालं. त्यात सोवळं किती आणि भीती किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "विश्वास पानिपतावरच गेला रे मधू," ती मला म्हणायची, "आपण आपलं झाकण उघडून बघावं."

तर अशा बाईने मोटार घेतली. तीही साधीसुधी नव्हे. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती आणि राजेरजवाड्यांच्या चीजवस्तू मिळेल त्याला विकल्या जात होत्या. त्यातच एका लहानशा संस्थानिकाची ही मोटार होती. लॉरीच्या सांगाड्यावर बांधलेलं सागवानी घरच म्हणा ना! आत भिंतीतून उघडणारा पलंग, मखमली गादी, बिलोरी आरसा, तोंड धुवायला घडीचं चिनीमातीचं भांडं, स्टोव्ह ठेवायला जस्ताचा ओटा आणि टपावर पाण्याची टाकी. आतला हातपंप दाबला की चालत्या गाडीत पाणी. ड्रायव्हरची बैठक काचेपलीकडे वेगळी. आमच्या आळीत ती मोटार शिरली तेव्हा दुकानदार गल्ले उघडे टाकून बघायला आले.

"यात्रेला जायचंय मला," अक्काने जाहीर केलं. "धर्मशाळांत कोण काय करून ठेवतं, कुणी पाहिलंय? माझी चूल माझ्याबरोबर."

कारण पटण्यासारखं होतं. पण मला ते पटलं नाही. संशय हा आमच्या घराण्याचाच रोग आहे, आणि अक्काच्या हाताखाली तो मला चांगला लागला होता. ठाण्याच्या वेशीबाहेर न गेलेल्या बाईला एकाएकी देव कसे आठवले?

आधी अक्काने मोटारीचीच झडती घेतली. "इथे कोण झोपायचं? या ओट्यावर काय शिजायचं?" सौदा वडिलांनी जमवला होता. त्यांनी ठासून सांगितलं की ही राणीसाहेबांची मोटार, फक्त देवदर्शनाला काढायचे. अक्काने वर बोट केलं. छताजवळ भिंतीत बंदुका अडकवायचे आकडे होते. "राणीसाहेब देवाला बंदूक घेऊन जायच्या का रे?" वडील बिलोरी आरसा पुसायला लागले. शिकारीची मोटार ती, ओट्यावर काय शिजलं असेल हे उघडच होतं. कुणालाही वाटलं असतं, आता ही मोटार परत जाणार. पण अक्काने गादी देऊन टाकली, ओटा राखेने घासघासून पांढरा केला, मोटारीत चारी कोपऱ्यांना गोमूत्र शिंपडलं आणि भटजींना बोलावून वास्तुशांत करून घेतली. अक्का एवढी तडजोड करते म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

ड्रायव्हर मिळाला शेजारच्या बाळकुम गावचा हिराजी. लढाईत कल्याणच्या छावणीत त्याने लष्करी लॉऱ्या हाकल्या होत्या. दर आठवड्याला तो मोटारीखाली शिरायचा, बॅटरीत पाणी घालायचा, टायर ठोकून बघायचा, सांध्यांना ग्रीस भरायचा. आणि अक्का पाट टाकून समोर बसायची.

"हिराजी, हे काळं काय?"

"गिरीस, आक्का."

"कसल्या चरबीचं?"

"चरबी नाय वो. जमिनीतल्या त्येलाचा असतंय."

"तू पाहिलंयस करताना?"

हिराजीने बिचाऱ्याने पाहिलं नव्हतं. अक्का विचारात पडली आणि शेवटी म्हणाली, "असो. खालच्या अंगाला लाव. रस्ता तरी कुठे सोवळा असतो?"

पंपाशी मात्र गाडं अडलं. एकदा हिराजी पंप खोलून बसला होता आणि अक्काला त्यात एक तपकिरी चकती दिसली. मी डोळ्यांनी हिराजीला खुणावत होतो, पण त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. "आक्का, मी खोटा नाय बोलनार. वायसर हाय तो, चामड्याचा. पानी त्याच्यातनंच येतंय."

झालं. टपावरचं पाणी त्या घटकेपासून बाद. तांब्याचे दोन हंडे आले, त्यांना सोवळ्याची फडकी बांधली गेली, आणि ते पलंगावर दोरीने आवळून ठेवण्यात आले. हंड्यांना झाकणं लावून घ्या, गळ्याशी नीट बांधून घ्या, असं हिराजी पुन्हा पुन्हा सांगत होता. पण झाकणं लोहाराकडची, त्याने ती कुठे ठेवली असतील कोण जाणे, म्हणून अक्काने ती घेतलीच नाहीत.

पहिली फेरी कल्याणला झाली, एका भाच्याच्या मुंजीला. अक्काने मांडवाच्या शेजारी मोटार उभी करवली, आत आपला वरणभात शिजवला आणि जाळीच्या खिडकीतून मंगलाष्टकं ऐकली. डोंबिवलीहून आलेली मंडळी मुंज सोडून मोटारीभोवती गोळा झाली. "आत दारू असणार," कुणीतरी पिल्लू सोडून दिलं. दारूबंदीचे दिवस, पडदे लावलेली मोटार दिसली की लोक कान टवकारायचे. एक हवालदार आला.

"बाई, आत काय आहे?"

"आधी हात धुतलेत का ते सांगा."

हवालदाराने मुकाट्याने हात धुतले. पायरीवर उभं राहून नजर फिरवली, कोनाड्यातली बाटली उचलली, बूच काढलं आणि खोलवर वास घेतला. ते गोमूत्र होतं. गृहस्थ शिंकत शिंकत निघून गेला. अक्का मला म्हणाली, "संशय घ्यावा रे, पण नाक जरा लांब ठेवावं."

मग पौषात त्र्यंबकेश्वरला जायचं ठरलं. सोबत म्हणून मला रजा काढायला लावली. सामान चढवताना एका डब्यात मला फणसाचे तळलेले गरे दिसले, आणि माझ्या संशयाला पाय फुटले. अक्काच्या तोंडात दात नव्हते. हे कडकडीत गरे खाणार कोण? त्र्यंबकराज?

गरे सुमनला आवडायचे. सुमनचं नाव आमच्याकडे घेतलं जात नसे. चार-पाच वर्षांपूर्वी तिने एका डॉक्टरशी लग्न केलं होतं. मुलगा हुशार, स्वभावाने गरीब, पण जातीबाहेरचा. अक्काने आकांत केला नाही की शाप दिला नाही. "मी तुझ्या घरचं पाणी पिणार नाही," एवढंच म्हणाली होती. आणि जिथलं पाणी प्यायचं नाही तिथे जायचं कसं, राहायचं कसं? म्हणून माय-लेकींची भेटच झाली नव्हती. सुमन इगतपुरीला राहायची. इगतपुरी त्र्यंबकच्या वाटेवर. मला सगळा उलगडा झाला. तो पलंग, तो ओटा, ते हंडे, सगळं लेकीच्या दारात उभं राहता यावं म्हणून होतं. तिचं पाणी न पिता तिला डोळेभर बघता यावं म्हणून. मी डब्याचं झाकण लावून टाकलं. बोललो असतो तर तिने जाणंच रद्द केलं असतं.

पहाटे निघालो. कसाऱ्याचा घाट चढताना इंजिन उकळलं. हिराजीने टाकीतलं पाणी काढून मोटारीला पाजलं. चामड्याचं पाणी ती गटागटा प्यायली. पुढच्याच वळणावर मोटारीने असा हिसका दिला की दोरी सुटली आणि बिनझाकणाचे दोन्ही हंडे आडवे झाले. थेंब उरला नाही. घाटात झरा वाहत होता. अक्का झऱ्याकडे बघून म्हणाली, "वर कोण राहतं?" कुणाला ठाऊक? म्हणून तेही नको. चालत्या मोटारीत सोवळ्याची फडकी सोडायची नाहीत, म्हणून सकाळपासून तिच्या पोटात पाणी नव्हतं. ओठ सुकले होते. मी चिडलो. "अक्का, अशाने मरशील!"

"मरेन," ती म्हणाली, "पण कुणाच्या हातचं पिऊन नाही."

इंजिन थंड करत, थांबत थांबत घाट चढलो आणि दिवेलागणीला हिराजीने इगतपुरीत एका बंगलीपुढे मोटार उभी केली. पत्ता अक्काने त्याला आधीच सांगून ठेवला होता. सुमन धावत बाहेर आली आणि पायरीशी येऊन थबकली. चढावं की नाही, तिला कळेना. आतून अक्काचा आवाज आला, "वर येऊ नकोस. सोवळ्यातलं मांडलंय."

सुमनने मान खाली घातली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढ्यात हिराजी म्हणाला, "ताई, आक्कानी सकालपासून पानी नाय पिलंन. हंडे लवंडले."

सुमन तशीच मागे फिरून आत गेली. अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "गेली. नवऱ्याला विचारायला गेली असेल, काय करायचं या म्हातारीचं." बराच वेळ कुणी आलं नाही. अक्काचं तोंड उतरत गेलं. शेवटी म्हणाली, "हिराजीला म्हणावं, गाडी काढ."

तेवढ्यात बंगलीच्या मागच्या अंगाने सुमन आली. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली, केस निथळत होते, कमरेवर तांब्याची कळशी. इगतपुरीची पौषातली थंडी. तिचे दात वाजत होते.

"आई, विहिरीवर आंघोळ करून ओलेत्याने भरलंय. कुणाला शिवले नाही. कळशी घासून घेतली."

तिच्यामागे दहा पावलांवर तिचा नवरा उभा होता. हातात घोंगडी. पुढे येऊन बायकोला शिवलं तर पाणी ओवळं होईल, हे त्याला कळत होतं. म्हणून तो घोंगडी नुसती धरून उभा होता, आणि बायको कुडकुडताना बघत होता.

अक्का खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिली. कळशीकडे तिने बघितलं नाही. मग ती एकदम ओरडली, "अहो, बघत काय उभे राहिलात? घाला ती तिच्या अंगावर!"

तो बिचकला. "पण आई, पाणी..."

"घाला म्हणते ना! पोरीला न्यूमोनिया झाला म्हणजे? डॉक्टर ना तुम्ही?"

त्याने पुढे होऊन सुमनला घोंगडीत गुंडाळलं. त्याचा हात तिच्या दंडाला लागला, कळशीलाही लागला. सोवळं तिथंच मोडलं, आणि ते अक्काने डोळ्यांदेखत बघितलं. अक्काने माझा हात धरला आणि एक एक पायरी करत मोटारीतून खाली उतरली.

"चल आत," ती सुमनला म्हणाली. "आधी कोरडं नेस. मग याच पाण्याचा चहा ठेव."

स्वयंपाकघरात ती पाटावर बसली. चहाची पूड हातावर घेऊन हुंगली, दुधाच्या पातेल्यात डोकावली. स्वभाव काही एका संध्याकाळीत जात नाही. सुमनने कपबशी पुढे ठेवली आणि तोंडाला पदर लावून उभी राहिली. डॉक्टर उंबऱ्याबाहेरच थांबले होते. अक्काने बशीत ओतून एक घोट घेतला.

"साखर फार घालतेस गं."

"यांना गोड लागतो," सुमन कशीबशी म्हणाली.

अक्काने उंबऱ्याकडे बघितलं, बशी पुन्हा ओठांना लावली आणि म्हणाली, "मग असू दे."