न सांगता येणारी खाज

इस्पितळात सगळे तिला लिफ्टवाली वहिनी म्हणत. अकरा ते सात, कोपऱ्यातल्या रेक्झिनच्या स्टुलावर बसून ती बटणं दाबायची. अंगात नायलॉनची घट्ट पँट, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. बायकांचा दवाखाना चौथ्या मजल्यावर. तिथल्या डॉक्टरीणबाईंना ती रोज वर नेऊन सोडायची, पण स्वतःचं दुखणं काही सांगायची नाही.

तीन महिने तिला खाली खाज सुटत होती. लिफ्ट खच्चून भरली की जीव नकोसा व्हायचा. पण हलणार कुठे? ती मांड्या आवळून बसायची. लघवीला उठावं लागू नये म्हणून पाणीही बेतानं प्यायची. घरी गेल्यावर मोरीची कडी लावून वासाचा साबण आतपर्यंत चोळायची, वर जंतुनाशकाचं पाणी. नुसती आग व्हायची. तिला वाटायचं, आपलीच स्वच्छता कमी पडतेय. मग दुसऱ्या दिवशी आणखी घासायची.

घर दोन खोल्यांचं. सासरे, दीर, नवरा. सासूबाईंचा दंडक असा, की बाईचे आतले कपडे दाराआड, टॉवेलखाली वाळायचे. ते कधी वाळायचेच नाहीत. ती दमटच घालून कामावर जायची.

एका दुपारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच बंद पडली. आत ती आणि निवृत्तीला टेकलेल्या सिस्टरबाई, दोघीच. दहा मिनिटांनी सिस्टरबाईंनी विचारलं, "काय गं, स्टुलावर मुंग्या आहेत का? सारखी चुळबुळ चाललीय."

वहिनी हसायला गेली आणि रडलीच. मग सगळं सांगून टाकलं.

"अगं वेडे, आतली जागा आपली आपण साफ होते. साबण घालून तू तिथले चांगले जंतू, तिथले राखणदारच हाकललेस. बाहेरून साधं पाणी पुरे, आणि हात पुढून मागे न्यायचा. सुती चड्डी घाल, उन्हात कडकडीत वाळव, घामेजली की बदल. पण इतके दिवस खाज म्हणजे आधी तपासून घ्यायचं. आज चौथ्यावर तूही उतर."

लिफ्ट सुरू झाल्यावर ती उतरली. तपासणीत बुरशी निघाली, औषध मिळालं. वासाचा साबण सुटला.

कपड्यांचं मात्र अवघड होतं. तिनं खिडकीच्या गजाला दोरी बांधली, तशा सासूबाई कडाडल्या, "घरात पुरुषमाणसं आहेत! लाज वेशीला टांगलीस का?"

"वेशीला नाही आई, उन्हात टांगलीय," म्हणत तिनं दोरीची गाठ आवळली.

संध्याकाळी दोरी सुटलेली असे, सकाळी ती पुन्हा बांधी. नवरा मोबाइलमधून मान वर काढेना. आठव्या दिवशी सासूबाईंनी गच्चीची किल्ली तिच्यापुढे आपटली. "दहाच्या आत काढून आणायचे. कुणाच्या नजरेला पडता कामा नये."

सुती पँटसाठी तिनं ऑफिसात अर्ज केला. कारण काय लिहावं ते सुचेना. 'त्वचेचा त्रास' एवढंच लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं, गणवेश सगळ्यांना सारखा.

त्यामुळे स्टूल तेच, पँट तीच. पिशवीत एक जादा सुती चड्डी असते, जेवणाच्या सुट्टीत ती बदलते. खाज गेली आहे. पाणी पोटभर पिते, म्हणून अधूनमधून उठावं लागतं. मुकादम घड्याळ बघत विचारतो, "पुन्हा?"

"हो, पुन्हा," म्हणते आणि जाते.