मांडीवरची शाल

आईला तिची जन्मतारीख ठाऊक नाही. "ज्वारी खळ्यावर आली तवा माहा जलम झाला," एवढंच ती सांगते. म्हणून मागच्या हिवाळ्यातला एक रविवार मीच ठरवला. पुण्याहून फोन करकरून भावाकडून आमच्या गावचं, जानेफळचं, वस्तीतलं बुद्धविहार सांगून ठेवलं, मंडप टाकायला लावला, चिखलीहून केक मागवला. वडील गेल्यावर लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करून आईने आम्हा दोघांना शिकवलं. तिचं कौतुक चार लोकांसमोर व्हावं, असं फार मनात होतं.

कार्यक्रम अकराला सुरू व्हायचा होता, पण पाहुणे येता येता साडेबारा वाजले. आई मात्र सकाळपासून नवी साडी नेसून समोरच्या सोफ्यावर बसलेली. त्रिशरण-पंचशील झालं. मग सत्कार, मग भाषणं. गावातले एक निवृत्त गुरुजी बराच वेळ बोलले. वहिनीला मी जेवणाच्या बाजूला पाठवलं होतं. आईच्या शेजारी मी होते.

आई माझ्याकडे वाकून म्हणाली, "बाई, मले जरा बाहीर जा लागते."

"थांब ना आई. आता माझंच भाषण आहे."

सत्काराची शाल तिने खांद्यावरून काढून मांडीवर घेतली. मी ती पुन्हा खांद्यावर घातली, कारण फोटो चालू होते. थोड्या वेळाने शाल परत मांडीवर. मी जरा त्रासूनच पुन्हा वर केली.

मग मी बोलायला उभी राहिले. लहानपणी मी तापले होते तेव्हा आईने मला पाठीवर घेऊन मेहकरचा दवाखाना कसा गाठला, ते सांगत होते. पुढे बसलेल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. मलाही भरून आलं होतं. फोटोवाला मध्येच म्हणाला, "मॅडम, आधी केक घ्या, मले दुसरा कार्यक्रम आहे."

"चल आई, ऊठ."

"मी बसूनच कापतो."

"अगं, फोटो चांगला येत नाही."

"राहू दे वं बाई."

माझ्या हातात माईक होता. मी हसून म्हणाले, "आमची आई लाजते आहे!" सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मी तिच्या दंडाला धरून तिला उठवलं, तशी तिने परत मांडीवर घेतलेली शाल खाली पडली.

साडी मागून ओली झाली होती. सोफ्यावरची चादरही ओली होती. टाळ्या एकेक करत थांबल्या. आईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, खाली जमिनीकडे पाहत उभी राहिली. वहिनी जेवणाच्या बाजूने धावत आली, खाली पडलेली शाल उचलून आईच्या कमरेभोवती गुंडाळली आणि तिला हळूहळू घराकडे घेऊन गेली. भावाने माझ्या हातातला माईक घेतला. "चाला लोकहो, जेवाले बसा," म्हणाला.

मी मागोमाग घरी गेले. चुलीवरचं गरम पाणी बादलीत काढलं आणि न्हाणीत शिरले. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी निरीला हात लावला, तर तिने तो बाजूला केला.

"तू जाय. तिले पाठव."

"आई, मी करते ना."

"तिलेच पाठव, बाई."

वहिनी आत गेली. मी बाहेर ओट्यावर उभी राहिले. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि आई विचारत होती, "लोकं जेवले का?"

त्या दिवशी ती घराबाहेर आली नाही. संध्याकाळी मी तिच्या पायांशी बसून म्हणाले, "आई, माझं चुकलं." ती म्हणाली, "तुहं भाषण अर्धंच राह्यलं." माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

मी पुण्याला परतले. पुढे भावाने फोनवर सांगितलं की आई विहारात जात नाही. दर रविवारी वंदनेला सगळ्यांच्या आधी जाऊन चटया अंथरणारी बाई, आता गुडघ्याचं निमित्त सांगून घरी बसते. ज्या गावात तिने कोणासमोर मान खाली घातली नव्हती, तिथे ती मी घालायला लावली होती, आणि तीही तिच्याच वाढदिवसाला.

अखेर एका रविवारी शेजारची म्हातारी, आईसोबत निंदायला जाणारी, आमच्या ओट्यावर येऊन बसली. "काऊन येत नाही वं तू?" तिने विचारलं. आईने गुडघ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा म्हातारी म्हणाली, "मले तं खोकला आला तरी होते. आता या वयात काय त्याचं? चाल, उशीर होऊन राह्यला."

दोघी एकमेकींचा हात धरून गेल्या, असं वहिनीने कळवलं. मला बरं वाटलं. पण आईशी बोलताना अजूनही मी आधी पावसापाण्याचं विचारते. तिच्या तब्येतीचं मी वहिनीलाच विचारते.