अकरा उतारू

रात्री दहिवर गोठून पायऱ्या काचेसारख्या झाल्या होत्या. लीना हेगेले बादलीतली राख मुठीमुठीनं टाकत खाली येत होती. सात वाजायच्या आत दारापुढची वाट चालण्याजोगी झाली पाहिजे, कुणी घसरलं तर दोष घरवाल्याचा, असा आमच्या टानवांगन गावचा दंडक. तिच्या खालच्या मजल्यावर मी बावीस वर्षं राहतो. तिला एकदाही उशीर झालेला मी पाहिला नाही.

तेवढ्यात ऑयगेन श्टॉल आला. गावच्या इतिहास मंडळाचा अध्यक्ष, लीनाचा शाळासोबती. काखेत कागदाची गुंडाळी.

"राख टाकतीस का पेरतीस गं, लीने?"

"तुझ्यासारखं धूड पडलं तर पायरी फुटंल माझी. वर ये."

मलाही कॉफीला बोलावलं. ऑयगेननं टेबलावर कागद पसरला. स्टेशनला शंभर वर्षं झाली म्हणून रविवारी तिथं फलक लागणार होता, त्याचा हा मजकूर. १९०१ साली पहिली गाडी आली, बँड वाजला. गावातली दोनशे माणसं रोज गाडीनं खालच्या खोऱ्यातल्या मोज्यांच्या गिरणीत जात. लढाईत पूल पडला, तो पुन्हा बांधला. आणि शेवटची ओळ: 'फेब्रुवारी १९७१मध्ये तिकीट कारकून लीना हेगेले यांनी केलेल्या मोजणीत आठवड्याला अवघे अकरा उतारू भरले, म्हणून गाडी बंद झाली.'

लीनानं चष्मा काढून पुसला, परत घातला.

"एक ओळ राह्यलीय," ती म्हणाली. "मोजणी फास्नेटच्या आठवड्यात झाली."

फास्नेट म्हणजे आमचा मुखवट्यांचा सण. गुरुवारी सुरू होतो आणि पुढच्या बुधवारपर्यंत गावाला शुद्ध नसते. गिरणी बंद, शाळा बंद. माणूस मरायला टेकला तरी लाकडी मुखवटा चढवून रस्त्यावर येतो. रेल्वेच्या कचेरीनं मोजणीआधी पत्र पाठवून विचारलं होतं, त्या आठवड्यात सुट्टी आहे का? तेव्हाच्या नगराध्यक्षानं, म्हणजे ऑयगेनच्याच बापानं, उत्तर धाडलं: नाही. खोटं बोलला नव्हता तो. सरकारी सुट्ट्यांच्या यादीत फास्नेट नसतो, आणि श्वास घेण्याला सुट्टी म्हणतात हे आमच्यातल्या कुणालाच सुचलं नसतं.

सुचलं ते लीनाला, तारीख हातात पडल्यावर. मोजणी पुढं ढकलायला कचेरीनं नकार दिला. मग ती घरोघर फिरली. एक दिवस तरी गाडीत बसा, हवं तर मुखवटे घालून बसा. लोक हसले, होहो म्हणाले. आठवडा संपला. गाडीत चढलेले अकरा. त्यातल्या सहा वेळा एकटा प्रोटेस्टंट पाद्री, कारण सण कॅथलिकांचा, त्याला तो नव्हता. स्टेशनातला साहेब म्हणाला, आकडा लिहिताना थोडा हात सैल सोडा, बाई. तिनं अकराच लिहिले.

तेव्हापासून दर फास्नेटला विदूषक तिच्या दारापुढं येतात आणि एक ते अकरा ओरडून मोजतात. आता मोजणाऱ्या पोरांच्या आयांनीही ती गाडी पाहिलेली नाही.

"फलकावर जागा न्हाई, लीने," ऑयगेन म्हणाला.

"बँडाला दीड ओळ दिलीस की."

"आमच्या म्हाताऱ्याचं नाव खराब व्हईल."

"त्याचं नाव घालू नको. फास्नेट एवढंच घाल."

ऑयगेननं कप फिरवला. "फलक कुणी दिलाय ठाऊक हाय ना? मुखवटेवाल्यांच्या मंडळानं. स्टेशन त्यांचंच हाय आता, मुखवटे तिथंच ठेवत्यात. त्यांच्या फलकावर लिहू, तुमच्यामुळं गाडी गेली?"

"मग माझ्यामुळं गेली, हे लिहायचं?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी अस्वलाचा मुखवटा घालून मीही स्टेशनपुढं नाचलो होतो. लीना तिकिटाच्या खिडकीतून हात करून बोलवत होती. मला वाटलं, नाच आवडला हिला.

"बरं," ऑयगेननं पेन काढलं. "एक करतो. तुझं नाव काढतो. नुसतं 'मोजणीत अकरा भरले'. झालं समाधान?"

लीनानं त्या ओळीवरून बोट फिरवलं. नाव गेलं असतं तर म्हातारपणी थोडी सुटका झाली असती. पण ओळ खोटीच राहणार होती.

"फास्नेट न्हाईच घालणार?"

"न्हाई जमायचं गं."

"मग नाव ऱ्हाऊ दे." तिनं कागद त्याच्याकडं सरकवला. "आकडा बरोबर हाय. तो कुणी मोजला हे तरी खरं लागू दे त्या फलकावर."

"रविवारी येशील ना? पुढची खुर्ची ठेवतो."

"तुमच्यातल्या कुणाला तरी द्या. यंदा स्टेशनावर गर्दी व्हईल तुमची."

ऑयगेननं गुंडाळी बांधली, टोपी घातली आणि जिना उतरला. लीनानं कप उचलले, टेबल पुसलं, फडताळातून मसुरीचा डबा काढला आणि दुपारसाठी ताटात ओतून खडे निवडू लागली.