नऊ सह्या

"आधी वाचा, मंग सही करा," असं म्हणत भाई आमच्या दारातच उभे राहायचे. हप्त्याच्या पावतीचा कागद अरबीत. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. त्यांना कुराण वाचण्यापुरती अक्षरं येत, पण सरकारी अरबीचा अर्थ त्यांनाही लागत नसे. तरी ते ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचत आणि मी समजल्यासारखी मान हलवत असे.

मान हलवण्याची ही खोड मला महागात पडलेली आहे. ओमानात सीबला नवे आलो तेव्हा गाला भागातल्या त्यांच्या गॅरेजमधून मी जुनी गाडी घेतली. ते इंजिन दाखवत होते, मी मान डोलावत होतो. मीटर मागे फिरवलेला आहे हे कळेपर्यंत इंजिनानं राम म्हटला होता. माझ्यासारखे बकरे एकूण नऊ निघाले. तक्रारी झाल्या, ते तुरुंगात गेले. शिक्षा संपायच्या आधी सुटले ते एका अटीवर: नऊही जणांची भरपाई करायची आणि प्रत्येकाची शेवटची सही मिळेपर्यंत देश सोडायचा नाही.

मग दुसऱ्याच्या गॅरेजात राबून ते दर महिन्याला हप्ता घेऊन येऊ लागले. खोटं कशाला सांगू, त्यांना बाहेर ताटकळत ठेवण्यात मला बरं वाटायचं. ओमानचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल, तर माझा राग केवढा होता तेही कळेल.

एका शुक्रवारी सही झाल्यावर ते गेले नाहीत. खाली आमच्या त्याच गाडीपाशी वाकून बसले. नवं इंजिन घालून आम्ही ती वापरत होतो.

"साहेब, भाबी ही गाडी नेतात?"

"उद्या निझव्याला नेणार आहे. का?"

"ब्रेकचा तेल गळतंय. घाटात पाय दाबला आसता नि गाडी थांबली नसती."

ते उताणे होऊन गाडीखाली शिरले. दुपारभर खपून पाइप बदलला. पैसे विचारले तर हात पुसत म्हणाले, "खलास, पैशाचा सोडा. थोडा पाणी द्या." त्या गाडीत माझी बायको आणि मुलगी बसणार होत्या. ज्यानं मला फसवलं त्याचेच हे उपकार, आणि ते मी आजही विसरलेलो नाही.

त्या दिवशी ते पहिल्यांदा आत येऊन बसले. पोहे खाता खाता रत्नागिरीकडच्या आपल्या आईबद्दल बोलले. तिला माणसं आठवेनाशी झाली होती. स्वतःच्या धाकट्या मुलाला ती मामा म्हणू लागली होती.

"माझा नाव अजून घेते. किती दिवस घेईल, अल्ला जाने."

मला राहवेना. बाकीच्या आठ जणांचं फिटलं होतं, मीच एकटा उरलो होतो. म्हटलं, "भाई, उरलेले चार हप्ते मी सोडले. आज शेवटची सही करतो. उद्या विमानात बसा."

"नको साहेब. लोकांनी सोडून दिला म्हणून आलो, असा आईला सांगू?"

"अहो, तिला काय कळणार आहे!" मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मला कळंल ना."

पुढचे चार महिने मी कधी न पाहिलेल्या एका म्हातारीच्या आठवणीसाठी देवाला हात जोडत होतो. बायको म्हणायची, "काय हा हट्ट!" पण हप्त्याच्या दिवशी सकाळपासून तीच पोहे भिजवायच्या तयारीत असायची.

शेवटची सही झाली, बंदी उठली आणि मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. दारापाशी त्यांनी माझा हात धरला.

"गाडी बघाया आलात तवा तुमची पोरगी मागच्या शिटावर उड्या मारीत होती. मी बघत होतो साहेब. तरी इकली."

हात सोडून ते आत रांगेत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर त्यांच्या आवाजातला निरोप आला. मागं कोंबड्यांचा कलकलाट.

"साहेब, पोचलो. आईनं पयला इचारलान, कोण रे तू? मंग तोंडावरनं हात फिरवलान नि माझा नाव घेतलान. बोलली, येवढा उशीर का केलास?"

त्यावर आईला काय सांगितलं, ते त्यांनी निरोपात सांगितलं नाही.