वाचलेली डाळ

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची कोठी माझ्याकडे होती. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण रोज सकाळी स्वयंपाकाचं सामान मोजून द्यायला तेवढं पुरत असे. महिन्याच्या सुरुवातीला अधीक्षक यादी करायचे: इतक्या मुलींना इतकी डाळ, इतकं तेल. महिनाअखेर खरा खर्च यादीशी ताडायचा. काही जास्त गेलं की साहेब कारण विचारायचे. मीठ पावशेर जास्त गेलं तरी विचारायचे. मला कंटाळा यायचा. गोळाभात केला की वरून ओतायला तेल उडायचंच, हिवाळ्यात तांदूळ जास्त लागायचाच. असे फरक पुढच्या महिन्यात आपोआप मिटत. त्यात काय शोधायचं?

पण एका वर्षी तेल तीन महिने ओळीने जास्त गेलं. साहेब म्हणाले, "स्वयंपाकीण घरी नेते. एक तारखेपासून तिला काढतो." ती कुही गावाकडची विधवा, पदरात दोन लेकरं. डाळ मात्र तीनही महिने कमी लागली होती. डाळीपुढे साहेबांनी 'बचत' लिहिलं आणि पान उलटलं.

मला ती बचत पटेना. मुली तेवढ्याच, वरण रोजचंच, मग डाळ वाचते कुठून?

स्वयंपाकघरात जाऊन मी विचारलं, "तेल इतकं काहून लागते वं?"

"पिऊन राहिली ना मी!" ती फणकारली. "बाई, आधी वरण पाहा. पोरी म्हणतात, हे वरण आहे का हात धुवाचं पाणी? मंग लसणाची फोडणी दुप्पट टाकावी लागते, तवा कुठं घशाखाली उतरते."

"डाळ कमी टाकून राहिली का तू?"

"तुम्ही देता तेवढी टाकतो. कोठीची चाबी माह्याजवळ आहे का?"

परत येऊन मी तराजू काढला. डाळ आम्ही डब्याने मापत असू, आणि डबा शिगोशीग भरायचा असा रिवाज. यादीतले किलो त्या शिगेसकट धरलेले. उन्हाळ्यापासून माझा खांदा धरला होता. वर शीग चढवणं जड जाई, म्हणून मी डबा नुसता काठोकाठ भरत होते. ठरवून नाही, हाताला सवयच लागली. वजन केलं तेव्हा दिसलं, रोज प्रत्येक डब्याची शीग पोत्यातच राहत होती.

गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. साहेबांना जाऊन सांगितलं, "तेल कोणी चोरलं नाही. डाळ मी कमी दिली."

त्यांनी यादीचं पान परत मागे उलटलं. "पण डाळीत तर फायदा होता."

"म्हणूनच तुम्ही विचारलं नाही."

स्वयंपाकीण राहिली. कोठी दुसऱ्या बाईला दिली आणि मला भाजी निवडायला बसवलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. स्वयंपाकीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिच्यावर चोरीचा आळ आला होता, तो माझ्या हातामुळे. समजूत काढायची ताकद माझ्यात नव्हती. मी मेथी निवडून तिच्यापुढे ठेवत असे, ती न बघता उचलत असे.