कुंकवाखालचा दिवा

शशिकलाताई चिडल्या, की हिंदी सोडून मराठी बोलू लागत. झाशीच्या त्या सरकारी पाणी-नोंद कार्यालयात ही खूण शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होती. मराठी कळणारी माणसं तिथे दोनच : एक त्या स्वतः, पिढ्यान्‌पिढ्या झाशीत मुरलेल्या घरातल्या, दुसरे साहेब, आशुतोष, नागपूरहून बदलीवर आलेले. साहेब हसून म्हणत, "ताई, तुमची मराठी ऐकली की पगडी घालून बसावंसं वाटतं."

जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्याची पातळी संगणकात भरायची, हे ताईंचं काम. टहरौली गावचे हरदयाल भैया विहिरीत फीत सोडून पाणी मोजत आणि फोनवर आकडा सांगत. "दीदी, लिख लो, पानी फिर नीचे गया." ताई तो थेट संगणकात भरत, कागदावर कुणीच ठेवत नसे. पावसाळ्यानंतरच्या याच आकड्यांवरून उन्हाळ्यात कुठल्या गावाला टँकर द्यायचा ते ठरे.

आकडे राहत सर्व्हरवर. त्याच्यात दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच लिहिलेलं. एक गेली तर दुसरी सांभाळून घेई. एक गेल्याचं कळावं म्हणून यंत्राच्या तोंडावर तिळाएवढा दिवा होता, हिरव्याचा लाल होणारा, आणि सोबत एक कर्कश शिट्टी. शिवाय रोज दुपारी सगळ्या आकड्यांची नक्कल नेटवर्कवरून लखनौच्या मुख्य कार्यालयात जाई.

नेटवर्क जनतेच्या पैशाचं आहे, खासगी कामाला वापरू नये, अशी पाटी दारावर होती. ती पाळणाऱ्या बहुधा ताई एकट्याच. पुण्याच्या नातीशी, उर्वीशी, बोलायचं तर त्या आपला फोन घेऊन अंगणातल्या कडुनिंबाखाली जात. बाकीचे आत बसून सिनेमे उतरवत आणि खिडकीतून चिडवत, "दीदी, अंदर आ जाओ, सरकार देख नहीं रही!"

खंडेनवमीला ताई कार्यालयातल्या यंत्रांची पूजा करत. माहेरी तलवारीची व्हायची, इथे सर्व्हरची. झेंडूचं फूल, आणि यंत्राच्या कपाळी ओल्या कुंकवाचं बोट. त्यांच्या लेखी यंत्राचं कपाळ म्हणजे जिथे दिवा लुकलुकतो ती जागा. यंदाही त्यांनी तिथेच बोट टेकवलं. कुंकू वाळून घट्ट झालं.

दिवाळीनंतर एका सकाळी शिट्टी सुरू झाली. ताई धावत साहेबांकडे गेल्या. "एक डिस्क गेलीय वाटतं."

साहेब यंत्रापुढे वाकले. "लाल दिवा कुठाय?"

ताईंनीही पाहिलं. कुंकवाशिवाय काही दिसेना. "दिवा दिसत नाही खरा," त्या पुटपुटल्या.

"मग उगाच बोंबलतंय." साहेबांनी शिट्टी बंद केली.

"माणूस बोलावून एकदा तपासून तर घ्या."

"बघू, ताई. आधी घरचं कार्य उरकू दे."

कार्य म्हणजे साहेबांच्या धाकट्या भावाचा, परागचा, नागपूरला साखरपुडा. रजा मिळाली नव्हती, म्हणून कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर तो थेट दाखवायचं ठरलं. चित्र अडकू लागलं तशी साहेबांनी लखनौला जाणारी नक्कल थांबवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले. ताईंनीही खाल्ला एक. थांबवलेली नक्कल मात्र साहेबांनी पुन्हा सुरूच केली नाही.

जानेवारीत दुसरी डिस्कही गेली. नक्कल थांबल्यापासूनचे, म्हणजे दिवाळीनंतरचे, सगळे आकडे बुडाले. आणि पाणी तर केव्हाच खाली सरकलं होतं. गेलेली पातळी आता कुठली फीत मोजणार? ताईंनी हरदयाल भैयांना फोन केला. ते म्हणाले, "तो इस बार टँकर किस बात पर माँगेंगे, दीदी?"

चौकशीला लखनौहून वरिष्ठ अधिकारी दीप्ती मॅडम यायच्या होत्या. आदल्या दिवशी साहेबांनी ताईंना आत बोलावलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. पूजेचं कुंकू आत गेल्याने यंत्र बिघडलं, चूक माझी एकटीची, असा मजकूर होता.

"सही करा. निवृत्तीला आलात, तुम्हाला समज देऊन सोडतील. माझी सगळी नोकरी अजून पुढे पडलीय. आपण दोघं मराठी माणसं, घरातलं घरात मिटवू."

"घरातलं?" ताईंनी कागद उलटा ठेवला. "ते आकडे काय तुमच्या माझ्या घरातले होते?"

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्या भांडी अशी आपटत होत्या, की नवरा, श्रीकृष्णराव, पेपर घेऊन दाराशी आले. ते कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ.

"कढईचा काय गुन्हा?"

"कुंकू आत गेलं म्हणे! वाळलेलं कुंकू चालत गेलं का आत?"

"आत नाही गेलं. पण कुठे लावलं होतंस?"

ताईंचा हात थांबला. त्यांना तो दिवा आठवला, आणि साहेबांच्या शेजारी वाकून बघणाऱ्या आपणही. रात्रभर राग निवला नाही. फक्त त्यात त्या स्वतःही सामील झाल्या.

दुसऱ्या दिवशी दीप्ती मॅडम सर्व्हरपुढे उभ्या होत्या. साहेब अदबीने सांगत होते, "मॅडम, पूजा-पाठ में थोड़ी लापरवाही हो गई. दीदी मानती हैं."

ताई पुढे झाल्या. पदराचं टोक पाण्यात बुडवून त्यांनी यंत्राचं कपाळ पुसलं. कुंकू निघालं आणि खालून लालच दिवा उघडा पडला.

"मैडम, इसकी आँख मैंने ढँकी," त्या म्हणाल्या. "लिखिए मेरा नाम. दिवाली के बाद एक डिस्क मर गई थी और मेरे कुंकू ने दिखने नहीं दिया." मग त्या साहेबांकडे वळल्या आणि मराठीत आल्या. "डोळा मी झाकला. पण तोंड कुणी दाबलं? ते ओरडत होतं, तुम्ही गप्प केलंत. लखनौची नक्कल चालू असती तरी आकडे वाचले असते. ती तुम्ही भावाच्या साखरपुड्यासाठी बंद केलीत. जनतेच्या तारेवरून तुमचे पेढे वाटले गेले, आणि टहरौलीला पाणी मिळणार नाही. मीही खाल्ला एक, तोही लिहा."

"ताई, जपून बोला," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "तुम्हीही बुडाल."

"बुडेन की. एकटी नाही बुडणार."

दीप्ती मॅडमना मराठी कळत नव्हती, पण लखनौ, नक्कल, बंद, पेढे हे शब्द आणि साहेबांचा चेहरा त्यांना पुरले. "यह सब हिंदी में लिखकर देंगी?"

"दूँगी. पहले यह सुन लीजिए." साहेबांनी बंद केलेली शिट्टी ताईंनी चालू केली.

ती कर्कश किंकाळी खोलीभर, व्हरांड्यात, अंगणातल्या कडुनिंबापर्यंत गेली. खिडकीत माणसं जमली. या वेळी कुणी चिडवलं नाही.

"बंद करा ते!" साहेब कानावर हात ठेवून ओरडले.

ताईंनी खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि त्या आवाजातच, आधी आपली चूक, मग साहेबांची, असं लिहायला बसल्या.