साडूभाऊंचं 'अजून नाही'

या जगात कोणतीही गोष्ट वेळेवर तयार होते, यावर माझ्या साडूंचा विश्वास नव्हता. कळंबला त्यांच्या घरी चहा काळा होईपर्यंत उकळायचा, कारण पातेल्यात डोकावून ते दर वेळी "अजून नाही" म्हणत. परसातली सीताफळं ते रोज अंगठ्यानं दाबून पाहत आणि रोज झाडावरच ठेवत. ती शेवटी पोपटांच्या वाट्याला जात, आणि पोपटांनी घाई केली असं त्यांचं म्हणणं असे. राळेगावची एसटी फलाटाला लागली, तरी ड्रायव्हर चढला नाही म्हणून ते पानठेल्यावरून हलत नसत. मग आम्ही दोघं पुढच्या गाडीची वाट पाहत बसायचो. माझी बरीच जाडजूड पुस्तकं स्टँडवरच्या बाकावर वाचून झाली.

त्यांना मूलबाळ नव्हतं. वडील गेलेल्या पुतण्याला त्यांनीच वाढवलं, आणि तो इतका वाढला की दारातून वाकून यायचा. यवतमाळला शिकायला गेला आणि बॉक्सिंगच्या सर्वांत वजनदार गटात उतरला. समोरचा पहिल्याच फेरीत आडवा व्हायचा. चौकात बॅनर लागले. नागपूरला देशपातळीवर खेळलेल्या एका फौजी बॉक्सरशी त्याची गाठ घालायची, असं प्रशिक्षकांनी ठरवलं. काकाजी हो म्हणाले तरच जाईन, असं पुतण्या म्हणाला, आणि सगळं तिथेच अडलं. साडू मोबाइलवर त्याच्या लढती पुन्हा पुन्हा पाहत आणि मान हलवत. मी कारण विचारलं.

"साडूभाऊ, याले कोणी मारलंच नाही अजून. मार खाल्ल्यावर मानूस कसा उभा राह्यते, ते पाहा लागते."

ते काम मग त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. एका सकाळी लुंगी खोचून, पुतण्याचे ग्लोव्ह्ज चढवून ते अंगणात स्टुलावर उभे राहिले आणि त्याला हात खाली ठेवायला सांगितलं. ठोसा नाकावर बसला. पुतण्या जागचा हलला नाही. साडू मात्र मनगट धरून खाली बसले. त्यांना उचलून दवाखान्यात नेताना तो घळाघळा रडत होता. त्याच्या खांद्यावरूनच त्यांनी मला निकाल सांगितला, "पाह्यलं? रडून राह्यला. याले तयार कसा म्हनू?"

कापूस फुटायच्या दिवसांत त्यांचं हृदय थकलं. नळ्या लावलेल्या होत्या. मी जवळ वाकलो, तर पुटपुटले, "साडूभाऊ, अजून नाही." त्यांचा हा एकच निकाल मला मनापासून पटला होता. तो कोणी ऐकला नाही.

अग्नी पुतण्यानंच दिला, आणि नागपूरला जाणार नाही म्हणाला. तेव्हा मोठ्या ताई, म्हणजे साडूंच्या पत्नी, त्याला म्हणाल्या, "ते हो म्हननारच नव्हते रे बाबू. आमच्या लग्नातही भटजीले थांबवून राह्यले होते. जा तू."

मुंडण केलेल्या डोक्यानं तो रिंगमध्ये उतरला. पहिल्याच फेरीत नाक फुटलं. पण तो उभा राहिला, तिन्ही फेऱ्या. शेवटी गुणांवर हात फौजीचा वर झाला. नाकात कापसाचा बोळा घालून तो आमच्याकडे आला आणि हसत म्हणाला, "काकू, काकाजी काय म्हनले असते?"

"तेच," ताई म्हणाल्या.

कळंबला परतल्यावर त्यांनी चहा ठेवला. एक उकळी आली, दुसरी आली. आम्ही तिघं पातेल्याकडे पाहत उभे होतो. चहा काळा झाला, तरी कोणी तो उतरवला नाही.